सॅमच्या रश्शात बटाटा नव्हता

गेल्या नोव्हेंबरात इथं चार वाजताच अंधारून यायला लागलं, तेव्हा मी लेकीला टोल्किनचं 'हॉबिट' वाचून दाखवायला घेतलं. ती नऊ वर्षांची आहे. इंग्रजी तिचं माझ्याहून पक्कं, त्यामुळे वाचून दाखवायची तशी गरज नव्हती. पण मला ते तिच्या कानावर मराठीतून घालायचं होतं. मांडीवर पुस्तक इंग्रजी आणि तोंडातून निघणारं मराठी, आमच्या राजापूरकडचं, त्या क्षणी सुचेल तसं. रोज रात्री आठ ते साडेआठ.

पहिल्याच प्रकरणात गाडी अडली. बिल्बो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या, खाण्यावर जीव असणाऱ्या लोकांतला. त्याच्या घरी एकामागून एक बुटके येतात, आमंत्रण नसताना, आणि येतील तसे खायला मागतात. त्यातला बालिन म्हणतो, चहा नको, बिअर चालेल, आणि 'सीड-केक' असेल तर बघ. मी म्हटलं, "बियांचा केक."

"कसल्या बिया, आई?"

मला सांगता येईना. हे आणि पुढचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', ही पुस्तकं मी एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीत कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली. त्यानंतर किती वेळा वाचली त्याचा हिशोब नाही. पण त्या केकवरून मी दर वेळी घसरतच पुढे गेले होते. बिल्बोनं त्याच दुपारी असे दोन गोल केक भाजून ठेवलेले असतात, रात्रीच्या जेवणानंतर तोंडात टाकायला म्हणून. ते पाहुण्यांच्या पोटात जाताना त्याला काय वाटलं असेल हे मला नेहमी कळायचं. चव मात्र माहीत नव्हती.

तिथून हे सुरू झालं. पुस्तकात जे खातात ते आपण करून खायचं, आणि नियम एकच: पुस्तकात जे आहे तेवढंच. आपल्या मनाचं घालायचं नाही. हा नियम लेकीनं केला, आणि मी पाळला.

मी राहते बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, हॉल ग्रीन भागात. घरातून पायी पंधरा मिनिटांवर सेअरहोलची पाणचक्की आहे. टोल्किन चार वर्षांचा असताना, १८९६ साली, त्याची आई दोन मुलांना घेऊन या चक्कीसमोरच्या घरात राहायला आली आणि १९०० पर्यंत ते तिथं होते. तेव्हा हे खेडं होतं. चक्कीवाल्याचा मुलगा पिठानं इतका पांढराफटक असायचा, की या दोघा भावांनी त्याचं नाव 'पांढरा राक्षस' ठेवलं होतं. चक्की अजून उभी आहे, चाक अजून फिरतं. आम्ही लग्नानंतर इथं घर घेतलं ते नोकरी जवळ पडते म्हणून. चक्कीचं नंतर कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी संध्याकाळी एकटीच जाऊन तळ्याकाठी उभी राहून आले होते.

तर बिया. त्या बिया म्हणजे इंग्रजीतलं कॅरवे, आपण ज्याला शहाजिरं म्हणतो ते. इथं एक गोची आहे आणि ती नीट सांगते, कारण पहिला केक त्यापायी गेला. शहाजिरं या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पतींच्या बिया विकल्या जातात. एक खरं कॅरवे: दाणा जरा जाड, वाकडा, तपकिरी, अंगावर फिकट रेघा. दुसरं काश्मीर-अफगाणिस्तानकडचं काळं जिरं: बारीक, गडद, मातकट धुरकट वासाचं, बिर्याणीत घालतात ते. मी घराजवळच्या एका वाणसामानाच्या दुकानातून शहाजिरं म्हणून आणलं ते हे दुसरं निघालं. केक छान फुगला, रंग सुरेख आला, आणि घरभर बिर्याणीचा वास सुटला. लेकीनं एक घास घेतला आणि बशी हलकेच पुढे सरकवली.

दुसऱ्यांदा कॅरवे म्हणूनच मागून आणलं. चिमूटभर चावून बघितलं तर आधी बडीशेपेसारखं गोड, मग जिभेवर गार, मग किंचित कडू. १७५ ग्रॅम लोणी आणि तेवढीच बारीक साखर पांढरी होईपर्यंत फेसली, तीन अंडी एकेक करून घातली, २२५ ग्रॅम बेकिंग पावडर मिसळलेला मैदा, तीन चमचे दूध, दोन चहाचे चमचे शहाजिरं. बिया घालायच्या आधी खलात अगदी हलक्या हातानं चेपल्या. कूट करायचं नाही, नुसतं अंग मोडायचं. बिल्बोचे दोन होते म्हणून मिश्रण दोन लहान गोल डब्यांत घातलं आणि १६० अंशांवर चाळीस मिनिटं भाजलं. हा केक ताजा खाऊ नये असं माझं मत झालंय. डब्यात बंद करून दुसऱ्या दिवशी खावा, तोवर बियांचा स्वाद लोण्यात उतरतो.

दोनातला एक केक शेजारच्या आजींना नेऊन दिला. त्या शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात, जन्म याच भागातला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता आत जाऊन चहा ठेवला. मग म्हणाल्या, हा माझ्या आजीचा केक आहे, साठएक वर्षांत हा कुणी केलेला बघितला नाही. मी पुस्तकाचं सांगितलं. पुस्तकाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण जेवणाशी होतं, आणि त्या दुपारी त्या रेशनबद्दल बोलायला लागल्या.

रेशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावची रांग, रॉकेलचा डबा आणि पामतेल. त्यांचं रेशन महायुद्धातलं. जानेवारी १९४० मध्ये बेकन, लोणी आणि साखर यांवर सुरू झालं आणि पुढे पसरत गेलं. माणशी आठवड्याला बेकन साधारण चार औंस, लोणी दोन औंस, अंडं एक, तेही मिळालं तर. हे आकडे मी वाचलेले होते. आजींनी सांगितलेलं वाचलेलं नव्हतं: त्यांची आई बेकन परतल्यावर सुटलेली चरबी एका पांढऱ्या वाडग्यात जमवायची, त्यावर बशी झाकायची आणि तो वाडगा कपाटात सगळ्यात वर ठेवायची, लेकरांचा हात पोचू नये म्हणून. आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटं रेशनमधून सुटली, त्या दिवशी त्या शाळेतून थेट दुकानात गेल्या होत्या.

घरी येऊन मी तारखा मांडून बसले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहायला टोल्किननं १९३७ च्या डिसेंबरात घेतलं आणि संपवलं १९४९ मध्ये. म्हणजे बहुतेक सगळं लिखाण तुटवड्यात झालेलं. मांसावरचं शेवटचं रेशन उठलं ४ जुलै १९५४ ला. पहिला खंड दुकानात आला २९ जुलै १९५४ ला. मधे पंचवीस दिवस! त्यात मॅगॉट नावाच्या शेतकऱ्याच्या घरी भलं मोठं ताट भरून अळंबी आणि बेकन पुढ्यात येतं. चौदा वर्षं बेकन तोलून खाल्लेल्या माणसानं ते पान कसं वाचलं असेल? मी एवढी वर्षं त्या ताटाला 'हॉबिट खादाड असतात' एवढ्यावर सोडून देत होते. दिवसातून सहा जेवणं हे वाक्य गंमत म्हणून वाचत होते. आता ते मला उपाशी माणसाच्या आठवणीसारखं वाटतं, कुठल्या घासाला काय चव होती हे बारकाईनं सांगणारं.

अळंबी आम्ही पुढच्याच रविवारी केली. इथं मोठ्या, चपट्या, आतून काळपट टोप्यांची मिळते ती घ्यावी, पांढऱ्या बटणांना वास नसतो. धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, जाड काप करायचे. कोरड्या तापल्या तव्यावर नुसती टाकायची, तेल नाही, मीठ नाही. तिचं पाणी सुटतं, आटतं, मग ती आकसून तपकिरी होते, आणि तेव्हा शेजारच्या तव्यावर बेकनची सुटलेली चरबी तिच्यावर ओतायची. मीठ अगदी शेवटी आणि जपून, बेकन खारट असतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो लहानपणी या मॅगॉटच्या शेतातली अळंबी चोरायचा, त्यासाठी मार खाल्लेला, कुत्री अंगावर घातलेली. मोठा होऊन पुन्हा त्याच घरात जातो तेव्हाही त्याच्या पोटात ती भीती आहे. निघताना मॅगॉटीणबाईंनी भरून दिलेली टोपली शेतकरी त्याच्या हातात ठेवतो, आत अळंबी. हे मराठीत सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण लेकीनं मान वर करून बघितलं. मग मी तिला माझ्या आजीचं सांगितलं. पहिल्या पावसानंतर वारुळाच्या कडेला अळंबी उगवते. आजी पहाटे उठून एकटी जायची, ओटीत भरून आणायची, आणि जागा कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही. माझ्या आईलाही सांगितली नाही. ती गेली आणि जागाही गेली.

टोल्किनला स्वतःला अळंबी फार आवडायची, शेतातली, ताजी. १९५८ सालच्या एका पत्रात त्यानं लिहिलंय की उंची सोडली तर मी हॉबिटच आहे. साधं, फ्रिजमध्ये न ठेवलेलं जेवण आवडतं, फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक मुळीच नाही. या पुस्तकांवरून स्वयंपाक करायचा तर हे पत्र आधी वाचावं. चांदीच्या ताटल्या, खाण्याची फुलं, निळे-जांभळे सरबतांचे रंग असलं सगळं लोक त्याच्या नावावर करतात, आणि त्याच्या पानांवर असतं ते ब्रेड, लोणी, चीज, मध, थंड मांस, ब्लॅकबेरीचा टार्ट. ब्री गावच्या खाणावळीतलं जेवण असंच साधं आहे, आणि प्रवास करून आलेल्या चौघांना ते पुरतं.

बेऑर्नचे मधाचे केक जानेवारीत झाले. हा बेऑर्न माणसाचं अस्वल होणारा, मधमाश्या पाळणारा. जंगलात शिरण्याआधी तो प्रवाशांना दोनदा भाजलेले केक बांधून देतो, पुष्कळ दिवस टिकणारे. कृती त्याचं गुपित आहे. मध असतो एवढंच पुस्तक सांगतं, आणि खाल्ल्यावर तहान लागते हेही. मी २०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम मध, ८० ग्रॅम लोणी असं घेतलं, चिमूटभर मीठ. मध लवकर करपतो म्हणून आधी १५० अंशांवर वीस मिनिटं, मग सुरीनं चौकोन पाडून, गार करून, ११० अंशांवर पुन्हा पाऊण तास. खुटखुटीत झाले. ते घेऊन आम्ही लिकी टेकड्यांवर चालायला गेलो. दीड तासानंतर लेकीनं दोन खाल्ले आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली. "खरंच तहान लागते!" ती ओरडली, पुस्तकानं दिलेला शब्द पाळला म्हणून.

या टेकड्यांच्या पायथ्याशी रेडनल नावाची वस्ती आहे. १९०४ चा उन्हाळा टोल्किननं तिथं आईबरोबर काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती तिथंच गेली. तो बारा वर्षांचा होता. मी हे लेकीला त्या दिवशी सांगितलं नाही.

लेम्बासचं विचारणार हे मला माहीत आहे. एल्फ लोकांची ती पातळ भाकरी, पानात गुंडाळलेली, बाहेरून तपकिरी आणि आत सायीच्या रंगाची, एक खाल्ली की उंचापुरा माणूस दिवसभर राबू शकतो अशी. नेटवर तिच्या शेकडो कृती आहेत, लिंबाची साल घातलेल्या, बदामाची पूड घातलेल्या. मी केली नाही आणि करणार नाही. आपल्याकडे तिला सरळ शब्द आहे, शिदोरी, आणि मी वाचताना तोच वापरला. पण शिदोरी कुणी दिली यावर तिची ताकद असते. ती दुसऱ्याच्या हातून मिळते, निरोप घेताना, पुन्हा भेट होईल न होईल अशा वेळी. स्वतःच्या ओव्हनमधून स्वतः काढून स्वतःच खाल्ली तर तिचं बिस्किट होतं. मी इकडे यायला मुंबईहून विमानात बसले तेव्हा आईनं दुधात भिजवलेल्या दशम्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. दोन दिवस पुरवून खाल्ल्या. तसल्या दशम्या मी नंतर केल्या आहेत, त्या चांगल्या होतात, पण त्या ह्या नव्हेत.

आणि मग आला सॅमचा ससा.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचत आम्ही तिथं पोचलो मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुस्तकातही तेव्हा मार्चची सुरुवातच असते. शत्रूच्या मुलखातल्या डोंगरात एक घातक अंगठी टाकायला निघालेले फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम इथिलियनमध्ये आहेत, शत्रूच्या दारात. कित्येक दिवस पोटात शिदोरीशिवाय काही नाही. त्यांना वाट दाखवणारा गॉलम दोन ससे धरून आणतो. सॅमच्या पाठीवरच्या बोचक्यात दोन लहान उथळ पातेली आहेत, एकात एक बसणारी, आत लाकडी चमचा आणि दोन दातांचा आखूड काटा. आणि बोचक्याच्या तळाशी एका चपट्या लाकडी डबीत थोडं मीठ, संपत आलेलं, जपून ठेवलेलं.

मी वाचता वाचता थांबले. आमच्या स्वयंपाकघरात हिंडालियमची दोन पातेली आहेत, एकात एक बसणारी. आईनं पाचाचा संच दिला होता, सामानाच्या वजनात तीन मागे राहिली. लेकीला ते माहीत होतं. ती म्हणाली, "आपल्या पातेल्यात करू या."

सॅम गॉलमला म्हणतो, तमालपत्र, थाइम आणि सेज शोधून आण. गॉलम नाही म्हणतो, त्याला वासाचा पाला आवडत नाही. सॅम चिडून म्हणतो, दिवस असते ना, तर तुला सलगम, गाजरं आणि बटाटेही शोधायला लावले असते. त्यावर गॉलम विचारतो, बटाटे म्हणजे काय? सॅम गावरान बोलतो, म्हणून माझ्या मराठीत तो नेहमी 'बटाटं' म्हणतो, आणि इथं त्यानं अक्षरं तोडून सांगितलं: ब-टा-टं. आपल्या बापाला किती आवडतं, रिकाम्या पोटाला कसा आधार होतो, सगळं सांगतो. पुढे कधीतरी तुला मासे तळून चिप्सबरोबर घालीन, असं वचनही देतो.

आता नीट बघा. दिवस मार्चचे आहेत. बटाटे नाहीत. या प्रकरणावरून जगभर 'सॅमचा बटाट्याचा रस्सा' शिजतो, मीसुद्धा मनात वीस वर्षं तोच शिजवला होता. पण पुस्तकातल्या पातेल्यात एकही बटाटा नाही. आहे ती फक्त त्याची आठवण, एका माळ्याच्या तोंडून, घरापासून शेकडो कोस दूर.

'हॉबिट'मध्ये १९३७ साली गॅन्डाल्फ हा जादूगार थंड कोंबडी आणि टोमॅटो मागतो. १९६६ च्या आवृत्तीत टोल्किननं टोमॅटो काढून तिथं लोणचं घातलं. अमेरिकेतून आलेलं फळ त्याच्या जुन्या जगात खटकलं असावं असं मला वाटतं. बटाटाही अमेरिकेतलाच, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांचंच घेऊन राहिला. पण बटाटा त्यानं काढला नाही. सॅमकडून तो काढून घेणं जमलं नसतं.

हे प्रकरण लिहिलं गेलं १९४४ च्या वसंतात. टोल्किन ऑक्सफर्डला होता, अंगणात कोंबड्या पाळत होता, आणि धाकटा मुलगा ख्रिस्तोफर वायुदलात, दक्षिण आफ्रिकेत. लिहून होईल तसं एकेक प्रकरण तो त्याला पाठवत होता. देशात बेकन तोलून मिळत होतं आणि ससा रेशनबाहेर होता. मला हे जुळवून सांगताना अंगावर काटा येतो.

ससा मटणवाल्याकडून आणला, रानातला, सोलून दिलेला, पाऊण किलोच्या थोडा वर. लेकीच्या शाळेत एक पाळलेला ससा आहे. मी तिला आधीच विचारलं. ती म्हणाली, मी मांस खाणार नाही, रस्सा खाईन. ठीक आहे म्हटलं. तुकडे करताना पाठीच्या बाजूला एक छर्रा सापडला, मुगाहून लहान. रानातला ससा घेतलात तर बोटांनी चाचपून बघा, दातांखाली येऊ देऊ नका.

तुकडे तासभर मिठाच्या पाण्यात ठेवले, मग ते पाणी टाकून मोठ्या पातेल्यात बुडेल एवढं गार पाणी घालून मंद आचेवर चढवलं. उकळी फुटू द्यायची नाही, नुसतं बुडबुडत ठेवायचं. सशाला चरबी नसते, जोरात उकळला की दोरा होतो. वर आलेला फेस काढला. मग दोन पानं, थाइमच्या चार काड्या, सेजची तीन पानं. पानांचं सांगायला हवं: आपलं तमालपत्र वेगळं. त्याला देठापासून टोकाकडे तीन शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. सॅमला हवं ते इथलं बे, एकच मधली शीर, वास उग्र आणि जरासा निलगिरीसारखा. माझ्या डब्यात आपलं होतं, हात तिकडेच गेला होता. शेजारच्या आजींच्या अंगणात बेचं झाड आहे, लेक पळत जाऊन दोन पानं घेऊन आली.

आलं-लसूण नाही. मिरची नाही. कांदाही नाही. नवरा कोल्हापूरचा, तो दोनदा येऊन पातेल्यात डोकावून गेला आणि काही बोलला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. सॅमचा ससा तासाभरात होतो; आमच्याला दोन तास लागले. मीठ शेवटी, लेकीनं घातलं, चिमटीनं, डबीतलं संपत आलंय अशा बेतानं.

रस्सा पातळ, फिकट सोनेरी. पहिल्या घोटाला काहीच नाही असं वाटलं. दुसऱ्याला सेज आला. तिसऱ्या-चौथ्याला मांसाची गोडी, मीठ, आणि मग एकदम लक्षात आलं की यात कमी काही नाही. सॅम आणि फ्रोडो पातेल्यातूनच खातात, एक जुना चमचा आणि काटा दोघांत, जोडीला शिदोरीचा अर्धा अर्धा तुकडा, आणि त्यांना ती मेजवानी वाटते. आम्ही तिघं ओट्याशी उभं राहून तसंच खाल्लं, ब्रेड मोडून.

"यात बटाटा हवा होता," लेक म्हणाली.

"सॅमकडे नव्हता."

"तेच म्हणतेय. त्यालापण हवा होता."

त्याच आठवड्यात आम्ही लावायचे बटाटे आणले, लवकर येणारी जात, आणि अंड्यांच्या खोक्यात मोड वर करून खिडकीत मांडले. शेजारच्या आजी म्हणाल्या, गुड फ्रायडेला लावायचे, आमचे वडील तेव्हाच लावायचे. तसे लावले. अंगणाच्या त्या टोकाला वाफा, बारा बटाटे, फूटभर अंतरानं. जूनअखेर निघतील. मग मासे आणि चिप्स, सॅमनं गॉलमला कबूल केलेले, आणि आजींना जेवायला बोलावणं आधीच गेलंय.

तोवर वाचन पुढे गेलं. सॅमची पातेली शत्रूच्या मुलखात, मॉर्डॉरमध्ये पोचली. दोघांच्या अंगात आता बोचकं ओढायची ताकद उरलेली नाही, जे लागणार नाही ते टाकायचं ठरतं. फ्रोडो टाकतो, आणि सॅमही सगळं बाहेर काढतो. इतक्या लांब पाठीवर वागवलेल्या वस्तूंचा त्याला लळा लागलेला असतो. सगळ्यात जड जातं ते स्वयंपाकाचं सामान टाकणं. तो गॉलमला त्या सशांची आठवण करून देत नाही, गॉलम तिथं नाहीच. फ्रोडोला विचारतो, आठवतोय का तो ससा? फ्रोडोला चव आठवत नाही, काहीच आठवत नाही. मग सॅम ती पातेली एका खोल भेगेपाशी नेतो आणि आत सोडतो. अंधारात ती आदळत खाली जातात, तो आवाज ऐकतो.

ही ओळ मी एकोणिसाव्या वर्षापासून वाचत आले आहे. दर वेळी पुढे गेले, डोंगराकडे, अंगठीकडे. त्या रात्री मला पुढचं वाक्य मराठीत आणता येईना.

लेकीनं पांघरूण बाजूला केलं आणि ती खाली गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागला. कपाटाचं दार, मग पातेल्यात पातेलं बसल्याचा आवाज. दिवा मालवला. पायऱ्या चढून वर आली, गार पाय माझ्या पायांना लावले.

"आहेत दोन्ही," ती म्हणाली. "आता वाच."